चौकोनी कॅसेट, आडवा पडदा

"ह्यांचं तोंड असं गोल कधी होतं गं?"

आजी टीव्हीकडे बोट दाखवून विचारत होती आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'हे' म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील. मी दीड वर्षाची असताना ते गेले. त्यामुळे माझ्या लेखी आजोबा म्हणजे भिंतीवरचा हार घातलेला फोटो. चालणारे, हसणारे, हात हलवणारे आजोबा सगळ्या खानदानात मिळून एकाच ठिकाणी शिल्लक आहेत, आईबाबांच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये. तेही मोजून काही मिनिटं. आणि त्या काही मिनिटांतल्या आजोबांना मी चांगलंच जाड करून ठेवलं होतं.

तर झालं असं की, आईबाबांचं लग्न १९९९चं. पंचविसाव्या वाढदिवसाला मामाने कराडमध्ये हॉल घेतला. हॉलवाल्याने सांगितलं, स्टेजमागे मोठी एलईडी स्क्रीन आहे, काय हवं ते लावा. मामाच्या डोक्यात लगेच बल्ब पेटला : लग्नाची कॅसेट लावायची! आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू ते मास कॉम करतेस ना? मग हे तुझं खातं." घरात प्रिंटर बिघडला, वायफाय गेलं, काकांचं फेसबुक हॅक झालं, सगळं माझ्याच खात्यात येतं. म्हटलं, त्यात काय? कॅसेट डिजिटल करून आणायची, थोडं कापायचं, गाणी टाकायची, झालं.

कॅसेट एका दुकानातून कन्व्हर्ट करून आणली. पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. पडदा काठोकाठ भरलेला. मला कुठेच काही खटकलं नाही. बाबा ओळखू येत होते, आई ओळखू येत होती, मागे आत्याचा केसांचा फुगा ओळखू येत होता. तीन रात्री बसून मी त्याचा वीस मिनिटांचा एडिट केला आणि शाबासकी मिळावी म्हणून आधी आजीला दाखवला. बाकी सगळे "अय्या, किती बारीक होतो आपण" म्हणत होते. खरं तर ते पडद्यावर दिसत होते त्याहूनही बारीक होते. पण ते कळलं फक्त आजीला. ज्या चेहऱ्याकडे तिने तीस-पस्तीस वर्षं रोज बघितलं, तो रुंद झालाय हे तिला एका सेकंदात दिसलं. एडिटिंगचं पूर्ण सेमिस्टर केलेल्या मला दिसलं नाही.

मी आधी वाद घातला. "आजी, कॅसेट जुनी आहे, असं दिसतं." ती म्हणाली, "कॅसेट जुनी आहे, मी पण जुनी आहे. पण ते घड्याळ बघ." मांडवामागच्या भिंतीवर कार्यालयाचं गोल घड्याळ होतं. नीट बघितलं तर ते गोल नव्हतं, आडवं अंडं होतं. विषय संपला.

बारा आणि सोळा

ही काय भानगड आहे ते शाळेच्या गणिताने कळतं. जुन्या कॅसेटमधलं चित्र ४:३ असतं, म्हणजे चार भाग रुंद आणि तीन भाग उंच. आजच्या टीव्हीचा पडदा १६:९. लॅपटॉप आणि आडवा धरलेला मोबाइलही त्याच्याच आसपास. आता ४:३ला तीनने गुणा. १२:९ मिळतं. दोन्हीची उंची नऊ. म्हणजे बारा भाग रुंदीचं चित्र सोळा भाग रुंदीच्या पडद्यावर बसवायचंय आणि चार भाग कमी पडतायत. पडद्याचा चक्क पाव भाग. हे चार भाग आणायचे कुठून, एवढाच प्रश्न आहे.

दुकानवाल्याने सगळ्यात सोपा मार्ग निवडला होता. चित्र दोन्ही बाजूंनी धरून ओढायचं. बाराचं सोळा झालं, म्हणजे प्रत्येक गोष्ट एक तृतीयांशाने रुंद झाली. माणसं, घड्याळ, हार, नारळ, सगळं. यूट्यूबवर जुनी मराठी गाणी बघताना नायिका जरा अवघडलेली, बसकी वाटते ना? बऱ्याचदा तिचा दोष नसतो. कुणीतरी अपलोड करताना तिला ओढलेलं असतं.

ताणण्याचा एक फायदा मात्र मला नंतर कळला. ताणलेलं परत आवळता येतं. मी एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये क्लिपची फक्त रुंदी ७५ टक्के केली. १९२०चं १४४० झालं, घड्याळ गोल झालं आणि आजोबांचे गाल आत गेले. आतलं काहीच हरवलं नव्हतं. त्यामुळे तुमच्याकडेही अशी ताणलेली फाईल आली असेल तर घाबरू नका, फ्रेममध्ये एखादी गोल गोष्ट शोधा. घड्याळ, स्कूटरचं चाक, पंखा. ती गोल होईपर्यंत रुंदी कमी करा.

आता उरल्या डाव्या-उजव्या बाजूच्या दोन काळ्या पट्ट्या. प्रत्येकी २४० पिक्सेलच्या. आणि त्या मामाला आवडल्या नाहीत. "एवढ्या पैशाचा पडदा घेतलाय आणि बाजूला अंधार? फुल स्क्रीन कर ना."

गंमत म्हणजे काही वर्षांपूर्वी 'फुल स्क्रीन' हा शब्द याच्या बरोबर उलट वापरला जायचा. परदेशी सिनेमांच्या डीव्हीडीवर 'फुल स्क्रीन' छापलेलं असायचं, त्याचा अर्थ ४:३. रुंद सिनेमाच्या दोन्ही बाजू कापून तो चौकोनी टीव्हीत भरलेला असायचा. तेव्हा चौकोन भरायला बाजू कापल्या, आता आडवा पडदा भरायला डोकं आणि पाय कापतोय. रिकामी जागा बघवत नाही हा मुळातच माणसाचा प्रॉब्लेम असावा.

हा चौकोन आला कुठून, ते वर्गात शिकवलं होतं. तेव्हा मी मागच्या बाकावर रील्स बघत होते, म्हणून परत वाचलं. १८९०च्या दशकात एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन या माणसाने ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चार भोकांच्या उंचीची फ्रेम ठरवली. ती साधारण ४:३ भरली. सिनेमा त्यावर वाढला. 'प्रभात'चे सिनेमे त्याच ऐसपैस चौकोनातले. टीव्ही आला तेव्हा त्यानेही तोच आकार घेतला. मग लोक घरीच चौकोन बघायला लागल्यावर थिएटरवाल्यांनी पडदा रुंद केला. १९५३ला 'द रोब' हा सिनेमास्कोप सिनेमा आला, आपल्याकडे गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' १९५९ला. आणि १६:९? ते तर चक्क तडजोडीचं अपत्य आहे. १९८०च्या दशकात कर्न्स पॉवर्स नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने त्या वेळी वापरात असलेल्या सगळ्या आकारांचे, सारख्या क्षेत्रफळाचे आयत काढून एकावर एक ठेवले. ते सगळे ज्या चौकटीत मावतील आणि ज्या चौकटीइतका भाग सगळ्यांत सामाईक असेल, त्या दोन्ही चौकटी १.७७च्या आसपास निघाल्या. म्हणजे १६:९ हा कुणाचाच मूळ आकार नव्हता, सगळ्यांना थोडं थोडं गैरसोयीचं होईल असा मधला आकार होता. आमच्या घरात ट्रिप कुठे न्यायची हे असंच ठरतं.

पाणी कुठंय?

मामासाठी मी दुसरा मार्ग धरला. चित्र मोठं करायचं, रुंदी पडद्याला टेकेपर्यंत, आणि वर-खाली जे बाहेर जाईल ते जाऊ द्यायचं. याला क्रॉप म्हणतात. पुन्हा गणित करा. उंचीचा पाव भाग उडतो. मी वरून थोडं, खालून थोडं असं मधोमध कापलं. भन्नाट दिसत होतं. वरातीतला बँड, रुखवत, जेवणाची पंगत, सगळं एकदम सिनेमासारखं. आजोबांचा चेहरा मोठा आणि बारीक, म्हणजे जसा होता तसा. पुन्हा आजीला बोलावलं.

कन्यादानाच्या शॉटपर्यंत ती गप्प होती. त्या शॉटमध्ये आजोबा मध्यभागी बसलेत, डोक्यावर फेटा. खाली आईबाबांच्या ओंजळी आणि काशाचं ताट. साधारण चाळीस सेकंदांचा शॉट आहे. आजी पुढे सरकली, चष्मा वर केला.

"पाणी कुठंय?"

"कसलं पाणी?"

"कन्यादानाचं. धार मी धरली होती ना!"

मी मूळ फाईल उघडली. फ्रेमच्या अगदी तळाशी, उजव्या कोपऱ्यातून एक हात आत आलेला होता. मनगटावर हिरवा चुडा, हातात तांब्या, तांब्यातून पडणारी पाण्याची बारीक धार. चेहरा नाही, पदर नाही, बाकी आजी फ्रेमच्या बाहेर. त्या शॉटमध्ये ती एवढीच होती. आणि पडदा भरायच्या नादात मी तोच पाव भाग कापला होता.

"मी एवढीशी हाताएवढी तर होते त्यात," ती म्हणाली. रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं. मला मात्र ते लागलं.

ती आत गेल्यावर मी पूर्ण कॅसेट पुन्हा बघितली, या वेळी फक्त कडांकडे लक्ष ठेवून. काय काय गेलं होतं! खाली चमचमत्या अक्षरांत आईबाबांची नावं आणि 'चि.सौ.कां.' लिहिलं होतं, त्यातली अक्षरं कमरेपासून कापली गेली होती. कोपऱ्यात तारीख यायची, ती गायब. पंगतीत वाढणाऱ्यांचे चेहरे वर, ताटं खाली, मध्ये नुसती पोटं. पुढे जमिनीवर बसलेली पोरंटोरं सगळी साफ, त्यात माझी मावसबहीण होती, तेव्हा चार वर्षांची. आणि मंगलाष्टकांच्या वेळी वरून पडणाऱ्या अक्षता फ्रेममध्ये उशिरा शिरत होत्या, कारण त्यांचं वरचं आभाळच मी उडवलं होतं.

ताणलेलं परत आवळता येतं, पण कापलेली फाईल एक्स्पोर्ट करून मूळ डिलीट केलं, तर तो हात कुणीही परत आणून देऊ शकत नाही. कॅसेटवर बुरशी धरली असेल किंवा ती कुणी फेकून दिली असेल, तर कायमचाच.

मग मी शहाणपणा केला. दर शॉटला वेगळं कापायचं. कुठे वरचं ठेवायचं, कुठे खालचं, आणि कन्यादानाला कीफ्रेम टाकून आधी आजोबांचा चेहरा, मग हळूच खाली पाणी. जुन्या काळी रुंद सिनेमे टीव्हीसाठी कापताना हेच आडव्या दिशेने करायचे, त्याला पॅन अँड स्कॅन म्हणत. रात्री दोन वाजता मला ते भारी वाटलं. सकाळी बघितलं तर व्हिडिओवाल्याला उचकी लागल्यासारखं दिसत होतं. शिवाय महत्त्वाचं म्हणजे, पाणी पडताना आजोबांचे डोळे भरून येतात. चेहरा आणि धार एकाच वेळी दिसली तरच त्याला अर्थ आहे. एकामागून एक दाखवलं तर नुसत्या दोन क्लिपा.

ज्यांनी शूट केलं, ते काका

मी थेट व्हिडिओवाल्या काकांनाच गाठलं. त्यांचं दुकान अजून कराडात आहे. आता तिथे पासपोर्ट फोटो आणि फ्लेक्स जास्त होतात. त्यांना लग्न आठवत नव्हतं, पण शॉट दाखवल्यावर म्हणाले, "हा माझाच. कन्यादानाला मी असाच बसायचो, गुडघ्यावर. चेहरा सोडला तर पाव्हणे भांडतात, पाणी सोडलं तर भटजी. दोन्ही घ्यायचं तर उंची पाहिजे. चौकोनात ती मिळायची."

हे मला आधी सुचलंच नव्हतं. मी ४:३ला जुना, अपुरा आकार समजत होते. जणू काही बाजूंना अजून चित्र होतं आणि ते गरिबीमुळे घेता आलं नाही. काकांच्या दृष्टीने तो पूर्ण आकार होता. त्यांनी माणसं त्या चौकोनात बसवली होती. बसलेला माणूस आणि त्याच्या पुढ्यातलं ताट, उभी नवरी डोक्यापासून पायापर्यंत, मुंडावळ्यांपासून ओंजळीपर्यंत. आपली लग्नं तशी उभीच असतात म्हणा.

त्यांनी अजून एक गोष्ट सांगितली. "तेव्हा टीव्ही कडा खायचा." जुन्या जाड पाठीच्या टीव्हीत चित्र काचेपेक्षा थोडं मोठं पाडलेलं असायचं, त्यामुळे चारही कडांचा थोडा भाग चौकटीमागे लपायचा. त्याला ओव्हरस्कॅन म्हणतात. म्हणून हे लोक महत्त्वाचं काही अगदी काठावर ठेवायचे नाहीत. आमच्या घरी इतकी वर्षं कॅसेट लावली तेव्हा आजीचा तांब्या आणि धार दिसायची, पण कोपऱ्यातला चुडा टीव्हीने खाल्लेला असणार. कॉम्प्युटर कडा खात नाही. तो चुडा घरात पहिल्यांदा दिसला तो माझ्या लॅपटॉपवर. आणि दुसऱ्याच दिवशी मी तो कापला!

(कडा न खाण्याचा तोटाही आहे. व्हीएचएसच्या चित्रात अगदी तळाला काही ओळींची थरथरणारी पट्टी येते. ती व्हीसीआरच्या हेडमुळे येते, तुमची फाईल खराब नाही. तेवढी पट्टी झाकून टाकायला हरकत नाही, तिच्यात कुणाची आजी नसते.)

मग 'फ्रेंड्स'ला कसं जमलं?

हा प्रश्न मला माझ्या रूममेटने विचारला. 'फ्रेंड्स' तर नव्वदच्या दशकातली, टीव्हीवर चौकोनी दाखवलेली, मग आता ती आडव्या पडद्यावर मस्त भरून कशी दिसते? उत्तर असं की, ती मालिका व्हिडिओवर नाही, ३५ मिलिमीटर फिल्मवर शूट झाली होती. फिल्मच्या फ्रेममध्ये बाजूंना जास्तीचा भाग होता, जो टीव्हीसाठी वापरलाच नव्हता. नंतर फिल्म पुन्हा स्कॅन करून तो उघडला. त्यातही गडबड आहेच. काही शॉट्समध्ये कडेला मुख्य नटाऐवजी उभा केलेला भलताच माणूस दिसतो, कारण तो भाग कुणी बघणार नाही असं तेव्हा धरलेलं होतं.

'साइनफेल्ड' २०२१ला नेटफ्लिक्सवर आली तेव्हा तिचे बरेच शॉट वर-खाली कापलेले होते. एका एपिसोडचं नावच 'द पॉटहोल' आहे, जॉर्जच्या किल्ल्या रस्त्यातल्या खड्ड्यात पडतात. तो खड्डाच फ्रेमबाहेर गेला! आपल्याकडे खड्डा असा गायब करता आला असता तर किती नगरसेवक निवडून आले असते. 'द सिम्पसन्स'चं तर विचारू नका. त्यात बिअरच्या कारखान्यात तीन वेगवेगळ्या नावांच्या टाक्या असतात आणि वरून एकाच पाइपमधून तिन्हीत तीच बिअर येत असते. जोक त्या पाइपात आहे. डिस्ने प्लसवर २०१९ला वरचा भाग कापल्यामुळे पाइप गेला, जोक गेला आणि टाक्या उरल्या. लोकांनी एवढा आरडाओरडा केला की २०२०मध्ये मूळ ४:३चा पर्याय परत द्यावा लागला. आमच्या घरात एकट्या आजीने ते काम केलं.

आमच्या कॅसेटमागे मात्र कुठलीही फिल्म लपलेली नाही. व्हीएचएसवर जेवढं आहे तेवढंच आहे. आणि ते तसंही फार नाही. आपल्याकडच्या पाल पद्धतीचं डिजिटल चित्र ७२० बाय ५७६ पिक्सेलचं असतं, त्यातही व्हीएचएसचा खरा बारकावा त्याच्या निम्म्याहून कमी. ते पूर्ण उंचीला फुल एचडीत बसवायचं तर पावणेदोन पटीहून थोडं जास्त मोठं करावं लागतं, आणि क्रॉप करून पडदा भरायचा तर अडीच पट. म्हणजे कापल्याने माणसं तर जातातच, उरलेली अजून धूसर होतात. (७२०ला ५७६ने भागून उत्तर १.२५ आलं आणि तुम्ही चक्रावलात तर मीही चक्रावले होते. या पद्धतीत पिक्सेल चौरस नसतात, थोडे रुंद असतात. सॉफ्टवेअरने ते चौरस धरले तर माणसं उलट काडीसारखी बारीक होतात. पुन्हा घड्याळ बघा.)

एआयचाही प्रयोग केला, खोटं कशाला बोलू. बाजूच्या काळ्या पट्ट्यांत चित्र वाढवून द्यायला एका अॅपला सांगितलं. त्याने मांडव झकास वाढवला, झेंडूच्या माळा लावल्या आणि आजोबांच्या डावीकडे कोट घातलेला एक हसरा गृहस्थ उभा केला. मामाने दहा मिनिटं विचार करून सांगितलं, "हा पाटणचा पाव्हणा वाटतोय." कॅसेटमध्ये आधीच निम्मे लोक कोण आहेत ते कळत नाही, त्यात नसलेले नातेवाईक वाढवायचे? ती फाईल डिलीट केली. बातमीदारी शिकणाऱ्या मुलीने घरच्या लग्नात खोटा पाव्हणा घुसवला असं व्हायला नको.

बाजूला तेच चित्र मोठं करून, धुरकट करून लावायची आता फॅशन आहे. न्यूज चॅनेलवर मोबाइलचे उभे व्हिडिओ असे दाखवतात. करून बघितलं. आजोबा मध्ये स्थिर बसलेत आणि दोन्ही बाजूंना त्यांचाच फेटा भुतासारखा हलतोय. मला अजिबात नाही आवडलं. काळा रंग बरा, तो निदान गप्प बसतो.

शेवटी काय केलं? सगळ्या कॅसेटला एकच नियम लावला नाही. कन्यादान, मंगलाष्टकं, सप्तपदी, पाठवणी आणि आजोबा दिसतात ते सगळे शॉट पूर्ण चौकोनात, बाजूला पट्ट्या. वरात, बँड, पंगतीचे लांबचे शॉट १४:९मध्ये. हा बीबीसीसारख्या वाहिन्यांनी चौकोनाकडून आडव्याकडे जाताना वापरलेला मधला आकार आहे. त्यात उंचीचा साधारण सातवा भाग जातो आणि पट्ट्या निम्म्या, १२०-१२० पिक्सेलच्या उरतात. कुठे वरून कापायचं, कुठे खालून, ते प्रत्येक शॉटला हाताने ठरवलं. पूर्ण १६:९ फक्त एका ठिकाणी केलं, हॉलच्या छतावरच्या पंख्यावर व्हिडिओवाले काका उगाच दहा सेकंद थांबले होते तिथे.

तुम्हाला करायचं असेल तर क्रम लक्षात ठेवा, माझी एक रात्र यात गेली. आधी डीइंटरलेस, मग आकार बदलणं. व्हीएचएसचं चित्र सेकंदाला पन्नास अर्ध्या फ्रेम्सनी विणलेलं असतं. ते न उलगडता मोठं केलं की हलणाऱ्या माणसांच्या कडांना फणीचे दात येतात आणि मग ते जात नाहीत. आकार बदलायला दाविंची रिझॉल्व्हची फुकटातली आवृत्ती पुरते. तिच्या इमेज स्केलिंगच्या सेटिंगमध्ये हेच सगळे मार्ग लिहिलेले आहेत : ताणा, कापून भरा, किंवा पूर्ण चित्र मावेल असं बसवा. शेवटचा निवडा आणि लागेल तिथे हाताने झूम करा. एक्स्पोर्ट मात्र १९२० बाय १०८०चीच करा, म्हणजे पट्ट्या चित्राचाच भाग होतात. नुसती ४:३ फाईल दिलीत तर समोरचा टीव्ही ती स्वतःच्या मर्जीने ओढतो. आणि दुकानवाल्याला कॅसेट देतानाच सांगा, "ओढू नका, कापू नका, जसं आहे तसं द्या." मी नव्हतं सांगितलं.

आणि जाता जाता, आपण कुठे शहाणे आहोत? माझ्या मावसभावाचा संगीत आम्ही सगळ्यांनी मोबाइल उभा धरून शूट केलाय. ९:१६. तो कुणी कधी आडव्या पडद्यावर भरायचं ठरवलं तर चित्राचा जेमतेम एक तृतीयांश उरेल. चार वर्षांची ती मावसबहीण, आता तिशीच्या उंबरठ्यावर, त्यातही खालीच बसलीय.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमधला ऑपरेटर माझ्याच वयाचा पोरगा होता. फाईल लावताच तो धावत आला. "ताई, साइडला काळं येतंय. झूम करून फुल करू?" मी त्याच्या शेजारीच खुर्ची टाकून बसले, वीस मिनिटं, रिमोटवर नजर ठेवून. मामा दोनदा मागे वळून बघून गेला. कन्यादान आलं. बारा फुटी आजोबा, भरलेले डोळे, खाली धार, कोपऱ्यात हिरवा चुडा. हॉलमध्ये कुणाचं लक्ष पट्ट्यांकडे होतं असं मला वाटत नाही. आजी पहिल्या रांगेत होती. मला मागून तिचा फक्त आंबाडा दिसत होता, त्यामुळे तिचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने फर्मान काढलं, "तेवढाच फोटो काढून आण मला." मी तो फ्रेम सेव्ह केला आणि व्हिडिओवाल्या काकांच्या दुकानात गेले. मशीनवर त्यांचा नवा मुलगा होता. त्याने फाईल उघडली, चार बाय सहाच्या कागदावर टाकली आणि विचारलं, "वर-खाली थोडं कापावं लागेल, चालेल ना?"

म्हटलं, बाजूला पांढरं सोड.